छोट्या कंपनीतला एचआर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, अंबड, वाळूज, कुपवाड, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींतल्या वीस ते दोनशे माणसांच्या कंपन्यांतून हे प्रश्न सतत येतात. विचारणाऱ्यांत मालक असतात, एचआर म्हणून नव्याने लागलेली मुलं-मुली असतात आणि कामगारही असतात. म्हणून उत्तरं तिघांनाही उपयोगी पडावीत अशी लिहिली आहेत. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. खालची उत्तरं त्या धरून आहेत. दुकानं आणि कार्यालयांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा वेगळा लागतो.

१. आमच्याकडे पगार अकाउंटंट काढतो आणि माणसं मालक घेतात. मग एचआरचं वेगळं काम उरतं तरी काय?

बरंच उरतं. जागा भरण्याआधी त्या जागेचं काम काय हे ठरवणं, निवड, नेमणूक, नव्या माणसाला काम शिकवण्याची सोय, हजेरी, रजा, कामाचा आढावा, तक्रारी, शिस्त आणि माणूस सोडून जाताना त्याचा हिशेब, हे सगळं एचआरमध्ये येतं. तुमच्याकडे हे आजही कोणी ना कोणी करतंच. फक्त ते ज्याच्या त्याच्या मर्जीने होत असतं.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात होती. साच्यावर (मागावर) कोणाला उभं करायचं, गावाहून परतलेल्याला पुन्हा घ्यायचं की नाही, हे तो ठरवायचा आणि त्यासाठी दस्तुरी, म्हणजे आपलं कमिशन, घ्यायचा. रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात ही भरती जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी, अशी शिफारस केली. आजचा एचआर त्या लेबर ऑफिसरचा वारस आहे. एकाच्या मर्जीवर चालणारी गोष्ट सगळ्यांना सारख्या लागणाऱ्या लेखी नियमावर आणायची, हे त्याचं मूळ काम. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीपाशी येतात.

२. किती माणसं झाली की कोणता कायदा लागतो?

पहिल्या माणसापासून किमान वेतन आणि वेळेवर पगार. दहा माणसं झाली की नियुक्तीपत्राची सक्ती, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती. वीसला पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि बोनस. पन्नासला पाळणाघर आणि कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदी. तीनशे कामगार झाले की स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचे लेखी नियम).

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, पीएफ आणि ईएसआयसाठी माणसं मोजताना ठेकेदाराची माणसंही धरायची असतात. दोन, हे कायदे एकदा लागू झाले की पुढे संख्या कमी झाली म्हणून सुटत नाहीत. एकोणिसावर थांबण्यासाठी भावाच्या नावाने दुसरी फर्म काढणारे आहेत. जागा, यंत्रं आणि मालक एकच असतील, तर पीएफ खातं दोन्ही फर्म एकच धरू शकतं आणि मग मागच्या वर्षांची वसुली व्याजासह निघते.

३. नियुक्तीपत्रात काय असायलाच हवं? एक पान पुरतं का?

पुरतं, पण ते एक पान नीट लिहिलेलं हवं. पद, प्रत्यक्ष काम, कामाची जागा, रुजू होण्याची तारीख, पगाराचा प्रत्येक घटक, कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, प्रोबेशन (सुरुवातीचा परीक्षेचा काळ), नोटीस पिरियड आणि बदली होऊ शकते का, एवढं असलं की बहुतेक वाद सुरूच होत नाहीत. संहितांनुसार नियुक्तीपत्र देणं आता सक्तीचं आहे. जुन्या, आजवर पत्राविना काम करणाऱ्या माणसांनाही ते द्यायचं आहे.

पत्र माणसाला समजेल त्या भाषेत द्या. शॉप फ्लोअरवरच्या माणसाला इंग्रजी पत्रावर सही करायला लावली, तर त्यातली नोटीस पिरियडची अट तुम्हालाच पुढे जड जाते. दुसरी प्रत त्याच्या हातात पडली का, हेही बघा. फायलीत सही केलेली प्रत आहे आणि माणसाकडे काहीच नाही, हे फार ठिकाणी दिसतं.

४. मुलाखतीत "लग्न कधी करणार?" असं विचारलं तर काय बिघडलं? आम्हाला नियोजन करायचं असतं.

बिघडतं. सारख्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेद करायला कायद्याची मनाई आहे. हा प्रश्न मुलांना कोणी विचारत नाही, त्यामुळे भेद तिथेच उघड होतो. जात, धर्म, गरोदरपण, नवऱ्याची नोकरी, मुलं सांभाळायला घरी कोण आहे, हे प्रश्न सोडून द्या. कामाची गरज सरळ सांगा. "महिन्यातून एक आठवडा दुसरी पाळी असते, साडेअकराला सुटते, गाडीची सोय आहे. जमेल का?" हा प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारता येतो आणि नियोजनाला लागणारी माहितीही त्यातून मिळते. स्त्रियांना रात्रपाळी देता येते, पण त्यांची संमती हवी आणि सुरक्षिततेची व ने-आण करण्याची सोय कंपनीने करायला हवी.

५. माणूस शिकून पळून जातो. मूळ मार्कशीट ठेवून घेतली किंवा बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) केला तर चालेल का?

मार्कशीट ठेवून घेऊ नका. मूळ कागद बघा, पडताळा, प्रतीवर सही घ्या आणि त्याच दिवशी परत द्या. माणसाची प्रमाणपत्रं अडकवून त्याला कामावर धरून ठेवणं ही जबरदस्ती आहे. ते चालवून घेणाऱ्या कंपनीत मग कोणी मनापासून शिकतही नाही.

बाँडचं वेगळं आहे. नोकरीत असतानाच्या काळापुरता, वाजवी मुदतीचा आणि वाजवी रकमेचा बाँड न्यायालयं मान्य करतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. मात्र वर्कशॉपमध्ये दोन आठवडे मशीन दाखवलं आणि दोन लाखांचा बाँड लिहून घेतला, तर तो टिकण्याची आशा धरू नका. प्रशिक्षणावर झालेला खर्च कागदावर दाखवता आला पाहिजे. नोकरी सोडल्यावर "प्रतिस्पर्ध्याकडे दोन वर्षं जायचं नाही" ही अट तर करार कायद्याच्या कलम २७ पुढे उभीच राहत नाही. गोपनीय माहिती बाहेर न नेण्याची अट घालता येते, तीच घाला.

६. प्रोबेशनवर असताना पीएफ कापायचा का? आणि प्रोबेशन किती वेळा वाढवता येतं?

पीएफ आणि ईएसआय पहिल्या दिवसापासून. "कन्फर्म झाल्यावर सुरू करू" हा समज इतका पसरलेला आहे की चांगल्या चालणाऱ्या कंपन्याही त्यात अडकतात.

प्रोबेशन वाढवायचं असेल, तर मुदत संपण्याआधी कारणासकट लेखी कळवा. सहा महिने संपले, कोणी काही बोललं नाही, माणूस वर्षभर काम करतोय आणि अचानक "तू अजून प्रोबेशनवरच आहेस" असं त्याला ऐकवलं जातं. ही मर्जी झाली. तिसऱ्या महिन्यात एकदा समोर बसवून काय जमतंय आणि काय नाही ते सांगा, त्याची चार ओळींची नोंद ठेवा. सहाव्या महिन्यात निर्णय घेणं मग कोणालाच अवघड जात नाही.

७. नव्या नियमाने मूळ पगार एकूण पगाराच्या निम्मा करावा लागतो म्हणतात. मग हातात येणारा पगार कमी होणार का?

मूळ पगार निम्मा करण्याची सक्ती नाही. नियम असा आहे : घरभाडं, प्रवास असे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीचा भाग 'वेतन' म्हणून धरायचा.

उदाहरण घ्या. एकूण पगार ४०,००० रुपये. मूळ पगार १४,०००, घरभाडं भत्ता १४,०००, प्रवास भत्ता १२,०००. भत्ते झाले २६,०००. एकूण पगाराचा निम्मा भाग २०,०००. भत्ते ६,००० ने जास्त आहेत, म्हणून ते ६,००० मूळ पगारात मिळवायचे आणि वेतन २०,००० धरायचं. ग्रॅच्युइटी याच वेतनावर निघते, त्यामुळे कंपनीचा खर्च वाढतो आणि कामगाराचा फायदा होतो. पीएफ मात्र १५,००० च्या मर्यादेपर्यंतच सक्तीचा आहे. त्यामुळे या माणसाची कपात १,६८० ची १,८०० होईल. हातातल्या पगारात १२० रुपयांचा फरक. कंपनी पूर्ण वेतनावर पीएफ भरत असेल, तर फरक मोठा असतो. तो निर्णय माणसांना आधी समजावून सांगा, पगाराच्या दिवशी पेस्लिपमधून कळू देऊ नका.

८. पीएफमध्ये कंपनीचे १२ टक्के कुठे जातात? पासबुकात माझ्यापेक्षा कमी दिसतात.

कामगाराचे १२ टक्के पूर्ण पीएफ खात्यात जातात. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफ खात्यात. पेन्शनचा भाग १५,००० च्या मर्यादेवर काढतात, म्हणून तो महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये असतो. पासबुकात तो वेगळ्या रकान्यात दिसतो.

अवघड अपवाद असा : पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्या माणसाचं पीएफ वेतन १५,००० च्या वर असेल आणि तो आधी कधीच सदस्य नसेल, तर त्याला सदस्य करणं सक्तीचं नाही. पण तो आधीच सदस्य असेल आणि खात्यातले पैसे त्याने काढून घेतलेले नसतील, तर पगार कितीही असला तरी तो सदस्यच राहतो. म्हणून रुजू होतानाच युएएन (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) विचारा. जुना युएएन असताना नवा काढला की दोन खाती होतात आणि ती जोडण्यात माणसाची धावपळ होते.

९. पगारवाढीमुळे ईएसआयची मर्यादा ओलांडली. या महिन्यापासून कपात बंद करायची ना?

लगेच नाही. ईएसआयचे अंशदानाचे (वर्गणीचे) दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळ सुरू होताना माणसाचा महिन्याचा पगार २१,००० च्या आत असेल, तर मध्येच पगार वाढला तरी त्या काळाच्या अखेरपर्यंत कपात चालू ठेवायची, तीही वाढलेल्या पगारावर. दर कामगाराचा ०.७५ टक्के, कंपनीचा ३.२५ टक्के. अपंग कामगारांसाठी मर्यादा २५,००० आहे. आजारपणात वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम ईएसआय महामंडळ देतं. हे बऱ्याच कामगारांना कोणी सांगितलेलंच नसतं आणि ते आजारपण बिनपगारी काढतात.

१०. तीन लेट मार्क झाले की एक दिवसाचा पगार कापतो. हे बरोबर आहे का?

नाही. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच करता येते. तीन दिवस मिळून ४० मिनिटं उशीर झाला, तर ४० मिनिटांचाच पगार कापता येतो. पूर्ण दिवसाचा पगार कापणं म्हणजे दंड. आणि दंडाचे नियम वेगळे आहेत : कोणत्या चुकीला दंड हे आधी जाहीर असावं, माणसाला आपली बाजू मांडायची संधी मिळावी आणि एकूण दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ नये. उचल, पीएफ, दंड मिळून सगळी कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये.

उशीर थांबवायचा असेल, तर पगाराला हात लावण्याआधी कारण बघा. एकाच मार्गावरून येणारे पाच जण रोज उशिरा येत असतील, तर बसची वेळ बदललेली असते. एकटाच येत असेल, तर त्याच्याशी बोला आणि गरज पडली तर लेखी ताकीद द्या (प्रश्न १४).

११. ओटी (जादा काम) आणि रजेचे किमान नियम काय?

आठवड्याला ४८ तासांची मर्यादा. त्यावरच्या तासांना दुप्पट दराने पैसे, आणि ओटीला माणसाची संमती हवी. ओटीच्या बदल्यात "नंतर सुट्टी घे" असं तोंडी सांगणं चालत नाही.

कारखान्यात वर्षात १८० दिवस काम भरलं की प्रत्येक २० दिवसांना एक पगारी रजा. आधी ही अट २४० दिवसांची होती. दुकानं-कार्यालयांत राज्याच्या कायद्याने वर्षाला आठ किरकोळ रजा आणि आठ पगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार माणसांशी बोलून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा आणि फलकावर लावा. गौरी-गणपतीला निम्मी शिफ्ट गावी जाते हे माहीत असूनही दरवर्षी ऐनवेळी खाडे मोजत बसणाऱ्या कंपन्या आहेत. कोकणातली माणसं असतील, तर हे मे महिन्यातच ठरवता येतं.

१२. माणूस परमनंट होऊ नये म्हणून सात महिन्यांनी 'ब्रेक' देतात. हे कायदेशीर आहे का?

नाही. माणसांना वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरते म्हणून ठेवून कायमपणाच्या हक्कांपासून दूर ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातही तसं म्हटलं आहे आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही. तोच माणूस, तेच मशीन, मध्ये आठ दिवसांचा ब्रेक आणि पुन्हा नवा टोकन नंबर, हा नमुना हजेरीपटावरूनच सिद्ध होतो.

काम खरंच ठरावीक मुदतीचं असेल, तर मुदतबंद नेमणूक हा सरळ मार्ग आहे. तारीख पत्रातच असते, पगार आणि सोयी त्याच कामावरच्या कायम माणसाएवढ्या द्यायच्या आणि एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीही द्यायची. ब्रेकवरच्या माणसाला कंपनीविषयी काय वाटतं हे एकदा त्याच्या जागी बसून बघावं. आठव्या महिन्यात घरी बसावं लागणार हे ज्याला माहीत आहे, तो सहाव्या महिन्यातच दुसरीकडे चौकशी सुरू करतो, आणि मग माणसं टिकत नाहीत अशी तक्रार मालकाच्या तोंडी असते.

१३. ठेकेदाराची माणसं आमची जबाबदारी कशी? आम्ही तर बिल देतो.

ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा पीएफ भरला नाही, तर तो मूळ मालकाने भरायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करून घ्यायचा. म्हणून बिल मंजूर करताना मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआयचं चलन आणि त्यातली नावं तुमच्या गेटच्या हजेरीशी ताडून बघा. गेटवर चाळीस आणि चलनात सव्वीस नावं हा प्रकार नेहमीचा आहे. मुख्य उत्पादनाच्या कामावर कंत्राटी माणसं ठेवायला संहितेत काही अपवाद सोडून बंदी आहे. सफाई, सुरक्षा, उपाहारगृह, माल चढवणं-उतरवणं अशी कामं त्या बंदीत येत नाहीत. मात्र चढ-उताराच्या कामाला महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, तो वेगळा तपासा.

१४. मेमो कसा लिहायचा? आणि चौकशीशिवाय काढून टाकता येतं का?

आधी मेमो. हे वाक्य वाचा : "आपले वर्तन बेजबाबदार असून वारंवार सांगूनही सुधारणा नाही." यात तारीख नाही, घटना नाही, कोणी सांगितलं ते नाही. हा मेमो पुढे कशालाच उपयोगी पडत नाही, फक्त माणूस दुखावतो. आता हे वाचा : "दि. ४, ११ आणि १२ जुलै रोजी आपण पहिल्या पाळीवर अनुक्रमे ४०, ५५ आणि ३५ मिनिटे उशिरा आलात. ११ तारखेला आपल्या जागी मदतनीस उभा करावा लागला व सीएनसी मशीन क्रमांक २ तासभर बंद राहिले. याबाबत आपले म्हणणे तीन दिवसांत लेखी द्यावे." माणसावर शेरा नाही, काय घडलं ते आहे आणि त्याला बोलायची जागा आहे. बहुतेक वेळा एवढ्यावरच प्रश्न मिटतो.

गैरवर्तनासाठी काढायचं असेल, तर चौकशी टाळता येत नाही. आरोपपत्र, उत्तराला वेळ, तटस्थ चौकशी अधिकारी, साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी, सहकाऱ्याची मदत घ्यायची मुभा, अहवालाची प्रत आणि मग शिक्षेबाबत म्हणणं मांडण्याची संधी. ज्या साहेबाशी भांडण झालं, त्यालाच चौकशी अधिकारी नेमू नका. नुसत्या या एका चुकीने चौकशा रद्द होतात. चौकशी मराठीत चालवा आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या. निलंबित ठेवलं असेल, तर पहिले ९० दिवस निम्मं वेतन आणि कामगाराच्या दोषाविना चौकशी लांबली तर पुढे ७५ टक्के निर्वाहभत्ता द्यायचा. शिक्षा चुकीच्या प्रमाणात हवी. बारा वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्या माणसाला एका शिवीसाठी काढलं, तर कामगार न्यायालय हस्तक्षेप करणारच.

१५. माणूस न सांगता यायचाच बंद झाला. दहा दिवसांनी नाव कमी केलं. ठीक ना?

ठीक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव प्रकरणात नेमका हाच मुद्दा निकाली काढला. आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास नाव आपोआप कमी होईल, असं स्थायी आदेशात होतं. कामगाराचं म्हणणं होतं की त्याला गेटवरच अडवलं. त्याचं ऐकून न घेता नाव कमी केलं म्हणून न्यायालयाने त्याला मधल्या काळाच्या निम्म्या वेतनासह परत घ्यायला लावलं.

करायचं ते असं : तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन, मग राहत्या आणि गावच्या अशा दोन्ही पत्त्यांवर स्पीड पोस्टाने पत्र, "अमुक तारखेपर्यंत हजर व्हा किंवा कारण कळवा". उत्तर नाही आलं तर दुसरं पत्र. तरीही शांतता असेल, तर प्रश्न १४ प्रमाणे चौकशी, तो आला नाही तर एकतर्फी. पहिला फोन मात्र खरोखर चौकशीचा असू द्या. न सांगता गायब झालेल्या माणसाच्या घरी बरेचदा आजारपण किंवा मयत असते.

१६. आमच्याकडे तीनच बायका आहेत. तरी लैंगिक छळ समिती हवी?

एकूण माणसं दहा किंवा जास्त असतील तर हवीच. बायका किती यावर ते ठरत नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची व्यक्ती, या विषयाची जाण असलेली. नावं आणि फोन नंबर फलकावर लावायचे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. रोजंदारी, कंत्राटी, शिकाऊ, सगळ्या स्त्रियांना हा कायदा लागू आहे.

दोन गोष्टी जपा. समेट फक्त तक्रारदार स्त्रीने मागितला तरच, आणि पैसे देऊन समेट करता येत नाही. दुसरं, घाई नको. गोव्यातल्या एका विद्यापीठीय प्रकरणात समितीने सुनावण्या धावपळीत उरकल्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. तक्रारदार स्त्रीला वर्षांनंतर परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, ही घाईची खरी किंमत.

१७. प्रसूती रजेवरच्या बाईचा पगार आम्हीच द्यायचा का?

ती ईएसआयमध्ये असेल आणि अंशदानाच्या अटी भरत असेल, तर लाभ महामंडळ देतं. नसेल तर कंपनी. पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे, त्यापुढे १२ आठवडे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. या रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही. मुदतबंद नेमणूक मध्येच संपली तरी लाभ थांबत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

१८. राजीनामा व्हॉट्सॲपवर दिला तर चालतो? कंपनी तो नाकारू शकते का? हिशेब कधी मिळतो?

ज्या मार्गाने कंपनीचा रोजचा कारभार चालतो, त्या मार्गाने स्पष्ट शब्दांत पाठवलेला राजीनामा नाकारण्यात अर्थ नाही. तरी कामगारांना सांगणं असं की ई-मेल किंवा कागदावर द्या आणि पोच घ्या. कंपनी कोणालाही कामावर जखडून ठेवू शकत नाही. नोटीस पिरियड न भरल्यास करारात लिहिलेली रक्कम मागू शकते, एवढंच. राजीनामा ज्या तारखेपासून लागू होतो त्या तारखेआधी तो मागेही घेता येतो, सेवाशर्तीत वेगळं काही नसेल तर.

फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशेबातलं, वेतन आता दोन कामकाजी दिवसांत द्यायचं आहे, राजीनामा असो की बडतर्फी. पूर्वीसारखं "पंचेचाळीस दिवसांनी या" म्हणता येणार नाही. त्यासाठी शिल्लक रजा, उचल, हत्यारं-गणवेश यांचा हिशेब शेवटच्या दिवसाआधीच तयार लागतो. अनुभवपत्र अडवून ठेवू नका. त्यात कामाचा काळ आणि पद एवढं खरं लिहिलं तरी पुरे.

१९. ग्रॅच्युइटी कशी काढतात? आणि चार वर्षं आठ महिने झालेल्याला मिळते का?

शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. वेतन १८,२०० आणि नोकरी ७ वर्षं ८ महिने असेल, तर १८,२०० ÷ २६ = ७००, त्याच्या १५ पट १०,५००, गुणिले ८ वर्षं, म्हणजे ८४,००० रुपये. कमाल मर्यादा २० लाख. ३० दिवसांत द्यायची. 'वेतन' कशाला म्हणायचं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

कायम माणसाला सलग पाच वर्षांची अट आहे. पाचव्या वर्षात २४० दिवस काम भरलं असेल, तर ते वर्ष पूर्ण धरावं, असं मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. चार वर्षं आठ महिने झालेल्याने या आधारावर अर्ज जरूर करावा. मुदतबंद माणसासाठी प्रश्न १२ पाहा.

२०. कामगार अचानक वारला. घरच्यांना काय काय मिळतं आणि एचआरने काय करायचं?

पाच वर्षांची अट मृत्यूच्या वेळी लागत नाही, त्यामुळे ग्रॅच्युइटी मिळते. पीएफची शिल्लक, कुटुंबाला पेन्शन आणि पीएफशी जोडलेल्या विमा योजनेतून सात लाखांपर्यंत रक्कम मिळते. कामावर असताना अपघाताने मृत्यू झाला आणि माणूस ईएसआयमध्ये असेल, तर अवलंबितांना मासिक लाभ मिळतो. नसेल तर कंपनीला नुकसानभरपाई द्यावी लागते. शेवटच्या महिन्याचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे वेगळे. हे सगळे अर्ज घरच्यांच्या हातात कोरे देऊ नका. एचआरने स्वतः बसून भरून द्यावेत, बँकेत सोबत जावं.

इथे सगळ्यात जास्त अडतं ते नामनिर्देशनापाशी. बावीसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या मुलाने आईचं किंवा भावाचं नाव लिहिलेलं असतं. लग्न झालं की पीएफचं जुनं नामनिर्देशन रद्द ठरतं आणि नवं करावं लागतं, ग्रॅच्युइटीचंही तपासावं लागतं. ते कोणी त्याला सांगत नाही. मग त्याची बायको आणि आई वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या फेऱ्या मारतात. कोणाच्या लग्नाची पत्रिका ऑफिसात आली की रजेच्या अर्जासोबतच नवीन नामनिर्देशनाचा फॉर्म त्याला द्या. तो परतला की पीएफच्या पोर्टलवर ई-नामनिर्देशन त्याच्या शेजारी बसून पूर्ण करून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल हातात असेल, तर पंधरा-वीस मिनिटांत ते होतं.